फियोर्डमधला एक दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. महाड तालुक्यातली साधी माध्यमिक शाळा. या तीस वर्षांत 'फियोर्ड' हा शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याची मोजदाद नाही. 'हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्राचे पाणी शिरून तयार झालेली लांब, अरुंद व खोल खाडी म्हणजे फियोर्ड. उदाहरण : नॉर्वे.' दोन गुणांचा प्रश्न. मुलं पाठ करायची आणि मी तपासायची. 'खोल' हा शब्द राहिला की अर्धा गुण कापायची. आता सांगायला हरकत नाही, बाईंनी स्वतः फियोर्ड कधी पाहिलेलाच नव्हता!

२०२३ च्या जुलैमध्ये तो योग आला. माझी लेक आणि जावई नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओलेसुंद नावाच्या शहरात राहतात. जावई जहाजांचे आराखडे करणाऱ्या कचेरीत आहेत. निवृत्तीनंतर "येऊ, येऊ" करत आम्ही तीन वर्षं काढली. शेवटी लेकीनंच तिकिटं पाठवली. मेथीचे लाडू, गोडा मसाला, कोकमं असा सगळा संसार बांधून आम्ही दोघं निघालो.

ओलेसुंद हे टुमदार शहर आहे. १९०४ च्या जानेवारीत एका रात्री आग लागली आणि वाऱ्यामुळे जवळजवळ सगळं शहर जळून गेलं. घरं लाकडाची होती. दहा हजार माणसं कडाक्याच्या थंडीत उघड्यावर आली, पण मृत्यू मात्र एकच झाला. नंतर तिथल्या लोकांनी लाकूड सोडलं आणि दगडविटांचं नवं शहर उभारलं. मनोरे, कमानी, भिंतींवर फुलापानांची नक्षी. ते बघायला लोक आज जगभरातून येतात. हे आधी सांगितलं, कारण पुढे दिवसभर मी जे पाहिलं त्याची सुरुवात माझ्या मनात इथूनच झाली. एकदा होरपळलेलं गाव पुढे कसं वागतं, या प्रश्नापासून.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी जावयांनी आम्हाला बोटीवर नेलं. ओलेसुंदहून निघायचं, फियोर्डच्या आत आत जात गाइरांगर या गावी पोचायचं, तिथे थोडं हिंडायचं आणि संध्याकाळी त्याच बोटीनं परत. जायला साधारण तीन तास, यायला तेवढेच. तिकिटाची किंमत ह्यांनी मनातल्या मनात रुपयांत करून पाहिली आणि मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. जुलै असूनही अंगात स्वेटर, त्यावर रेनकोट, डोक्याला कानटोपी. पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी.

बोट निघाली तेव्हा मला बाणकोटची खाडी आठवली. माझ्या वडिलांच्या लहानपणी बाणकोटहून सावित्रीतून दासगावपर्यंत बोटी येत. ते त्या प्रवासाच्या गोष्टी सांगायचे. भरतीची वाट बघायची, ओहोटीला गाळात रुतायचं, दोन्ही काठांना खारफुटी. मला वाटलं होतं फियोर्ड म्हणजे तसंच काहीतरी, फक्त मोठं. छे! पहिला तास तसा साधाच होता. रुंद पाणी, काठाला लाल-पांढरी घरं, हिरवी शेतं. स्ट्रांडा नावाचं गाव आलं. जावई म्हणाले, "आई, नॉर्वेतला सगळ्यात प्रसिद्ध पिझ्झा इथल्या कारखान्यात होतो." चौकोनी खोक्यातला, गोठवलेला. हे तेवढ्यापुरते जागे झाले.

स्ट्रांडाच्या पुढे मात्र पाणी अरुंद झालं आणि डोंगर जवळ आले. जवळ म्हणजे किती? आपल्याकडे डोंगराला पायथा असतो, मग थोडं माळरान, मग शेत, मग नदी. इथे पायथाच नाही. कडा सरळ पाण्यात उतरतो आणि पाण्याखालीही तसाच उतरत राहतो. बोट भिंतीला हात लागेल इतकी जवळ जाते आणि तरी तळ लागत नाही. गाइरांगर फियोर्डची खोली सुमारे २६० मीटर आहे आणि वरचे डोंगर हजार-दीड हजार मीटरांचे. शिवाय एक विशेष असं की फियोर्ड पुष्कळदा आत जास्त खोल आणि समुद्राकडच्या तोंडाशी उथळ असतो. हिमनदीचा जोर आतल्या डोंगरांत असतो, तिथे ती खोल खणते. समुद्राजवळ ती पातळ होते, खरवडलेले दगडगोटे तिथेच टाकते आणि तोंडाशी उंबरठा तयार होतो. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटलं आणि समुद्र उंबरठा ओलांडून घरात आला. मी कठड्याला धरून उभी होते आणि तोंडातून आपोआप निघालं, "लांब, अरुंद व खोल." लेक हसली. म्हणाली, "आई, अर्धा गुणसुद्धा कापू नकोस हं आता."

एवढ्यात कर्ण्यावरून बोटीवरच्या मुलीचा आवाज आला. आधी नॉर्वेजियनमध्ये, मग इंग्रजीत. उजव्या हाताचा डोंगर पाहा, त्याचं नाव ओकेर्नेसेत. लोक फोटो काढायला उजवीकडे सरकले. मीही सरकले. बघण्यासारखं काहीच नव्हतं. झाडीमध्ये फिकट राखाडी, उघडा खडक, ढगापर्यंत गेलेला. मुलीनं शांतपणे सांगितलं की हा डोंगर सरकतो आहे.

पुढची माहिती जावयांनी दिली. या उतारावर वरच्या बाजूला भेग पडलेली आहे, अर्ध्या किलोमीटरहून लांब. खालून ती दिसत नाही. भेगेच्या अलीकडचा भाग वर्षाला काही सेंटिमीटर खाली येतो आहे. तो सगळा सुटला तर पाच कोटी घनमीटरांहून जास्त खडक या अरुंद पाण्यात पडेल. पाण्याला बाजूला जायला जागाच नाही, म्हणून लाट उठेल. जवळच्या हेलेसिल्ट गावात ती पाचेक मिनिटांत पोचेल आणि गाइरांगरला दहाएक मिनिटांत. सगळ्यात वाईट शक्यता धरली तर हेलेसिल्टला लाटेचं पाणी ८० मीटरांहून उंच चढेल.

मी म्हटलं, "आणि आपण इथून बोटीनं चाललोय?"

"रोज जातात, आई. डोंगरावर चोवीस तास लक्ष आहे."

हे लक्ष म्हणजे काय, ते मी नंतर घरी बसून समजून घेतलं. भेगेच्या दोन काठांमधलं अंतर मोजणारे दांडे आणि तारा, लेसर, उपग्रहावरून जागा मोजणारी यंत्रं, समोरच्या काठावरून बघणारं रडार. उतारात खोल भोकं पाडून आतलं पाणी किती चढलं तेही मोजतात, कारण खडकाच्या फटीत पाणी भरलं की सरकणं वाढतं. नॉर्वेचं जलसंपत्ती आणि ऊर्जा संचालनालय हे काम पाहतं. डोंगर मोठा कोसळण्याआधी त्याचा वेग वाढत जातो, हा या सगळ्याचा आधार. वेग वाढला की गावं रिकामी करायची, भोंगे वाजवायचे. मिनिटांवर कोणी विसंबलेलं नाही. भरवसा आहे तो आधी मिळणाऱ्या दिवसांवर.

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नाही. याच फियोर्डच्या दुसऱ्या फाट्यावर ताफ्योर्ड नावाचं गाव आहे. ७ एप्रिल १९३४ च्या पहाटे तीनच्या सुमाराला तिथला डोंगर पाण्यात कोसळला. कोसळला त्या जागेजवळ लाट ६२ मीटर उंच चढली. ताफ्योर्ड आणि शेजारचं फ्योरा, दोन गावांत मिळून ४० माणसं गेली. झोपेत. त्याआधी १९०५ मध्ये जवळच्या लोएन भागात असंच झालं होतं आणि १९३६ मध्ये त्याच तळ्यात पुन्हा झालं.

जावई हे सांगत होते आणि मी त्या राखाडी खडकाकडे बघत होते. मला माझा नववीचा वर्ग दिसत होता.

१९९७ च्या आसपासची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते आणि पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी भूरूपं शिकवत होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. डोंगराच्या पायथ्याच्या गावातून चालत येणारी, अबोल मुलगी. तिनं विचारलं, "बाई, डोंगर खाली येतो का?" वर्ग हसला. मीही थोडी हसले असेन. मी सांगितलं, "हिमालयात येतो. तो तरुण पर्वत आहे. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, बेसॉल्टचा, कठीण. घाटात चार दगड पडतात, तेवढंच." ती बसली.

२००५ च्या जुलैच्या शेवटी आमच्या तालुक्यात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. २६ जुलै म्हटलं की सगळ्यांना मुंबई आठवते. आम्हाला जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहण आठवतात. चार गावांवर दरडी आल्या, जवळजवळ दोनशे माणसं गेली. बेसॉल्ट कठीणच होता. खाली आली ती त्याच्यावर साठलेली, पाण्यानं फुगलेली माती. पाठ्यपुस्तकात ती नव्हती, पण मला दिसायला हवी होती. ती मुलगी तोवर लग्न होऊन पेणला गेली होती, म्हणून वाचली. दिवाळीत बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, मला आता माहेर नाही." तो प्रश्न तिला आठवत होता का, हे मी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

असो. बोट वळली आणि गाइरांगर फियोर्डमध्ये शिरली. इथलं सौंदर्य मी काय सांगू! युनेस्कोनं २००५ मध्ये या फियोर्डला जागतिक वारशाचा दर्जा दिला. पाणी काळपट हिरवं, कड्यांवरून जागोजागी धबधबे. त्यातला सर्वात नावाजलेला 'सात बहिणी'. सात धारा शेजारी शेजारी, सर्वात लांब धार अडीचशे मीटर. वर बर्फ कमी उरलं की धारा कमी होतात, आम्हाला चारच बहिणी दिसल्या. समोरच्या कड्यावरून एकटाच धबधबा पडतो, त्याचं नाव 'मागणी घालणारा'. त्यानं सातही जणींना मागणी घातली, सातही जणींनी नकार दिला आणि गड्यानं बाटली जवळ केली. धबधब्यामागच्या खडकात बाटलीचा आकार दाखवतात. मला आपल्या साती आसरा आठवल्या. पाण्याजवळ सात बहिणी असाव्यात असं इतक्या दूरच्या माणसांनाही का वाटलं असेल? फक्त आपल्या आसरांना मागणी घालायची कोणाची छाती नाही!

पण माझं लक्ष धबधब्यांपेक्षा कड्यावरच्या घरांकडे गेलं. पाण्यापासून अडीचशे मीटर वर, जिथे शेळीलाही उभं राहायला विचार करावा लागेल अशा कातळाच्या टप्प्यांवर जुनी लाकडी घरं आहेत. तिथे माणसं शेती करत. स्कागेफ्लो नावाच्या शेतात शेळ्यांचा मोठा कळप होता. लहान मुलं खेळताना कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीनं बांधून ठेवत, असं सांगतात. शेतसारा वसूल करणारा येताना दिसला की वर चढायची शिडी ओढून घेत, अशीही गोष्ट आहे. ही गोष्ट ह्यांना फार आवडली. १९१६ च्या सुमाराला स्कागेफ्लो ओस पडलं. समोरच्या बाजूचं क्निव्हस्फ्लो त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सोडलं गेलं. कारण घरांच्या माथ्यावर लटकता कडा होता. तो पडेल या भीतीनं लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांचं घर सोडलं. तेव्हा ना लेसर होता ना रडार. आज स्थानिक स्वयंसेवक या रिकाम्या घरांची डागडुजी करतात.

गाइरांगर हे जेमतेम अडीचशे वस्तीचं गाव. उन्हाळ्यात त्याच्यासमोर गावापेक्षा उंच जहाजं येऊन उभी राहतात. त्या जहाजांच्या धुराचा त्रास इतका झाला की जागतिक वारशाच्या फियोर्डमध्ये पुढे प्रदूषणविरहित जहाजंच येऊ द्यायची, असा ठराव नॉर्वेच्या संसदेनं २०१८ मध्ये केला. गर्दीतून वाट काढत आम्ही एका छोट्या उपाहारगृहात बसलो. गरम वॉफल आणि त्यावर तिथलं तपकिरी चीज. दूध फाडल्यावर उरलेलं पाणी आटवून आटवून करतात ते. चवीला थेट कंदी पेढ्याचा भाऊ, थोडा खारट. ह्यांनी त्याच्याबरोबर लसणाची चटणी खाऊन पाहिली. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

मालकीणबाई माझ्याच वयाच्या. गर्दी ओसरल्यावर लेकीच्या मदतीनं मी त्यांना विचारलंच, "तुम्हाला भीती नाही वाटत?" त्यांना हा प्रश्न सवयीचा असावा. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "डोंगर वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो. माझे गुडघे त्याहून वेगानं चाललेत." मग थोड्या गंभीर होऊन म्हणाल्या, "भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. उद्या त्यांनी सांगितलं निघा, आणि आम्ही निघालो, आणि डोंगर पडलाच नाही, तर? परवा पुन्हा सांगितलं, तर? किती वेळा निघू आम्ही?"

परतताना जावयांनी याचं उत्तर दिलं, अर्थात दुसऱ्या डोंगराचं. ओलेसुंदपासून काही तासांवर रोम्सदालच्या खोऱ्यात 'वेस्लेमानेन', म्हणजे छोटा माणूस, नावाचा सुळका होता. २०१४ मध्ये तो पडणार म्हणून खालची घरं रिकामी केली. टीव्हीवर थेट प्रक्षेपण लागलं, सगळा देश बघत बसला, पण सुळका पडला नाही. माणसं घरी परतली. पुन्हा इशारा, पुन्हा घराबाहेर. असं सोळा वेळा झालं. लोक चिडले, थट्टा झाली. शेवटी ५ सप्टेंबर २०१९ ला छोटा माणूस कोसळला. खाली कोणीही नव्हतं.

सोळा वेळा! माझ्या मनात आलं, आपल्याकडे दुसऱ्या वेळीच अधिकाऱ्याची बदली मागितली असती. पण लगेच स्वतःला आवरलं. शेळ्या कुठे न्यायच्या, भाताची लावणी कोण करणार, शाळेच्या वर्गात किती दिवस झोपायचं, हे ज्यानं भोगलं नाही त्यानं हसू नये. आणि नॉर्वे म्हणजे स्वर्ग आहे असंही नाही. त्याच ओलेसुंद शहरात मार्च २००८ मध्ये घरामागचा कातळ निखळून एका नव्या इमारतीवर आला आणि पाच माणसं गेली. ज्या डोंगरावर डोळा आहे त्याचीच बातमी आधी कळते.

संध्याकाळी बोट पुन्हा ओकेर्नेसेतखालून गेली. या वेळी कर्णा गप्प होता. प्रवासी पेंगत होते, कोणी उजवीकडे-डावीकडे सरकलं नाही. आकाश निवळलं होतं. तिथे जुलैत रात्री दहा-साडेदहालाही उजेड असतो. तिरक्या उन्हात तो राखाडी खडक सोनेरी झाला होता आणि खरं सांगते, दिवसभरातलं सर्वांत सुंदर दृश्य तेच होतं. मी एक फोटो काढला. कोणाला पाठवावा असं एक नाव मनात आलं, पण पाठवला नाही.

पुढच्याच आठवड्यात, १९ जुलैच्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. आम्हाला सकाळी फोनवर कळलं. इर्शाळगडाच्या पोटातली आदिवासी वाडी, वर जायला धड रस्ता नाही. ८० हून अधिक माणसं गेली, त्यांतली बरीच मातीखालून काढताही आली नाहीत. दरडप्रवण गावांच्या यादीत ती वाडी नव्हती, असं सरकारकडून सांगण्यात आलं. लेकीच्या घरी खिडकीबाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं आणि आम्ही मोबाइलवर चिखलातली माणसं बघत होतो.

दुपारी पेणहून निरोप आला. तिचाच. "बाई, बातम्या बघितल्यात का? तुम्ही तिकडे बऱ्या आहात ना?"

मग मी तिला तो फोटो पाठवला. खाली लिहिलं, की हा डोंगर खाली येतो आहे आणि इथली माणसं तो किती आला ते रोज मोजतात. बराच वेळ काही आलं नाही. मग तिनं विचारलं, "रात्रीचं कोण बघतं?"

मी लिहिलं, "रात्रीही बघतात. चोवीस तास."

तिचं उत्तर आलं, "आमच्याकडे मोठा पाऊस लागला की आई जागायची."